ओढ्याचं तांबडं पाणी धरणात शिरतंय आणि मधेच गायब होतंय, हे कसं काय?

दूधगंगाकाठ | २४ जुलै, रात्री ९:१२
राम राम मंडळी. आमचं शिवार काळम्मावाडी धरणाच्या बॅकवॉटरला लागून हाय. मुख्य पाण्याला न्हवं, एक ओढा येऊन मिळतोय त्या फाट्याला. दोन्ही बाजूला डोंगर, मधी अरुंद पाणी. आता पावसाचा जोर हाय आणि ओढा तांबडालाल येतोय. तर हे तांबडं पाणी फाट्यात शिरतंय, थोडं पुढं जातंय आणि एका ठिकाणी रेघ मारल्यागत संपतंय. रेघेच्या अलीकडं तांबडं, पलीकडं काळपट हिरवं, स्वच्छ. रेघेवर सगळा कचरा गोळा, पाला, काटक्या, फेस, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी एक चप्पल पण हाय. मला वाटलं हे सगळं वाहत धरणात जाईल, पण न्हाई, तिथंच घुटमळतंय. आणि कहर म्हंजे रेघेच्या पलीकडं धरणाच्या अंगाला पडलेली काटकी हळूहळू रेघेकडं येताना बघितली, म्हंजे ओढ्याच्या दिशेला, उलटी! पाणी वरनं खाली येतंय मग काटकी खालनं वर कशी येत्या? आणि एवढं तांबडं पाणी जातंय तरी कुठं?

विचारायचं कारण, आमच्या चार-पाच जणांची मोटर त्याच फाट्यावर हाय आणि उन्हाळ्यात तिथलं पाणी हिरवं होऊन ड्रिप चोक होतंय. मुख्य धरणात एवढं हिरवं नसतंय. मोटर हलवायची का कसं ते ठरवायचं हाय.

मिसळ_ब्रेड | २४ जुलै, रात्री ९:३०
काटकी उलटी येत्या म्हंजे वारं. विषय कट.

दूधगंगाकाठ | २४ जुलै, रात्री ९:४१
भावा, सकाळी सातला पान हलत नव्हतं तवा बघितलंय. आणि आपल्याकडं पावसाळ्यात वारं पश्चिमेचं असतंय, आमच्या फाट्याचं तोंड हाय पूर्वेला. वाऱ्यानं काटकी धरणाकडं जायला पायजे, ओढ्याकडं न्हवं.

गळवाला | २४ जुलै, रात्री १०:०५
मला कारण माहीत नाही पण ही रेघ माहीत आहे. चांदोलीला, राधानगरीला, सगळीकडं पावसाळ्यात दिसते. आमचे जुने गळवाले तिथंच बसतात, कारण मासा तिथं किडा-मुंगी खायला येतो. आणि एक सांगतो, त्या रेघेच्या पलीकडं कधी पोहलास तर छातीला पाणी कोमट आणि पायाला बर्फ. शिवाय गळाला शिसं लावून खोल सोडला की दोरी ओढ्याकडून धरणाकडं तिरकी ताणली जाते, वरचा फ्लोट मात्र उलटा. लहानपणापासून बघतोय.

पाणक्या | २५ जुलै, सकाळी ७:५०
गळवाल्यांनी उत्तर दिलंच आहे, मी फक्त इस्कटून सांगतो. (मूळ गाव गारगोटी, सध्या पुण्यात, काम धरणांच्या पाण्याच्या मॉडेलिंगचं.)

तांबडं पाणी गायब होत नाही, ते बुडतं. ओढ्याचं पाणी डोंगरातून, झाडीच्या सावलीतून आलेलं, त्यामुळं गार, वर त्यात गाळ. धरणाचं वरचं पाणी त्याच्यापेक्षा कोमट आणि स्वच्छ. गार आणि गढूळ म्हणजे जड. फाटा उथळ आहे तोवर ओढ्याचा जोर पुरतो, तो सगळंच पाणी पुढं ढकलत नेतो. पण तळ खोल होत गेला की वेग पडतो, आणि एका ठराविक खोलीला जोरापेक्षा जडपणा वरचढ ठरतो. तिथं ते पाणी खाली सूर मारतं आणि तळाच्या उतारानं, बहुतेक वेळा धरण होण्याआधीच्या जुन्या पात्रातूनच, खोल भागाकडं चालायला लागतं.

आता काटकी. खाली जाणारं पाणी जाता जाता आजूबाजूचं कोमट पाणी थोडं थोडं ओढून घेतं. ओढून घेतलेल्या पाण्याची जागा भरायला धरणाच्या बाजूचं पृष्ठभागाचं पाणी रेघेकडं येतं. म्हणजे रेघेवर दोन्हीकडून पाणी येतं आणि तिथून खाली जातं. चपलेला काही खाली जाता येत नाही, ती तिथंच फिरत बसते. म्हणजे तुमच्या फाट्यात एकाच वेळी वरून आत आणि खालून बाहेर असे दोन प्रवाह आहेत. वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी थांबलंय.

पाऊस वाढला की रेघ धरणाकडं सरकेल आणि ओसरला की ओढ्याकडं. एवढं तेवढं लक्ष ठेवा, दिसेल.

कोण_म्हणतंय | २५ जुलै, सकाळी ९:२०
वाचायला भारी वाटतंय पण पटत नाही. एक-दोन डिग्रीचा फरक, चमचाभर माती, आणि तेवढ्यावर अख्खा ओढा बुडून तळातनं चालत जातोय? पाणी पाण्यात मिसळतंय हो, बादलीत ओतून बघा.

रसायनवाल्या_बाई | २५ जुलै, दुपारी ४:१५
बादलीत वरून धाडकन ओतलं तर मिसळणारच. आम्ही शाळेत हे करतो, घरी पण होईल. काचेची मोठी बरणी घ्या, नळाचं पाणी तीन-चार तास उन्हात ठेवलेलं. माठातलं गार पाणी पेलाभर, त्यात रांगोळीचा नाही, खायचा रंग. बरणी थोडी तिरकी धरून पट्टीवरून ते रंगीत पाणी आतल्या काचेला लागून हळू सोडा. रंग काचेच्या कडेनं सरळ तळाला जातो आणि तिथं पसरून बसतो. पोरं ढवळेपर्यंत बसूनच राहतो.

आकडे हवे असतील तर हे घ्या. २५ अंशाला एक घनमीटर पाणी भरतं ९९७.०५ किलो, २६ अंशाला ९९६.७९. फरक पाव किलोचा. आता गंमत बघा, १० अंशावरून ११ वर गेलं तर फरक फक्त ०.१ किलोच्या आसपास. म्हणजे थंड प्रदेशातल्या एका डिग्रीपेक्षा आपल्याकडची एक डिग्री अडीच पट जास्त काम करते. ओढा २२ अंशाचा आणि धरण वरून २७ अंशाचं धरलं तर घनमीटरमागं सव्वा किलोचा फरक पडतो.

गाळाचं पण सांगते. लिटरमागं १ ग्रॅम माती म्हणजे घनमीटरमागं १ किलो. ती माती थोडं पाणी बाजूला सारते ते वजा केलं तर निव्वळ साधारण ६२० ग्रॅम वाढतात. म्हणजे २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागं एक ग्रॅम गाळ हा दोन डिग्रीपेक्षा जास्त गारव्याइतका. "चमचाभर माती" कमी समजू नका.

कोण_म्हणतंय | २५ जुलै, संध्याकाळी ६:०२
बाई, हजार किलोत सव्वा किलो! हे म्हणजे काहीच न्हाई.

पाणक्या | २५ जुलै, रात्री ८:३०
काहीच न्हाई वाटतं कारण आपण एक बादली डोळ्यांसमोर आणतो. फाट्यात पाणी कोणी ढवळत नाही, आणि उतार सगळीकडं एकाच दिशेला आहे. सव्वा किलोच्या फरकाचा दोन-तीन मीटर जाडीचा थर असला तर कागदावरच्या हिशोबानं सेकंदाला दहा-पंधरा सेंटीमीटरचा वेग सहज निघतो. दहा धरला तरी तासाला ३६० मीटर. रात्रभरात तो गाळ फाट्याच्या तोंडापर्यंत पोचतो.

आणि हे काही नवीन नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकातच फोरेल नावाच्या शास्त्रज्ञानं जिनिव्हाच्या सरोवरात ऱ्होन नदी अशीच तळाला जाते हे लिहून ठेवलं होतं. अमेरिकेत हूवर धरणात पाणी साठायला लागलं तेव्हा १९३५ मध्ये लोकांना आश्चर्य वाटलं, की वर निळंशार पाणी आणि धरणाच्या खालच्या दारातून मात्र गढूळ पाणी बाहेर पडतंय. नदीचा गाळ शंभरावर किलोमीटर तळातनं सरपटत भिंतीपर्यंत आला होता. चीनमध्ये पिवळ्या नदीवरच्या श्याओलांगदी धरणात तर हाच प्रवाह धरून खालच्या दारातून गाळ बाहेर सोडतात, २००२ पासून.

एक पुरवणी. हे पाणी दरवेळी अगदी तळापर्यंत जाईलच असं नाही. जाता जाता कोमट पाणी मिसळून ते हलकं होत जातं, आणि मध्येच कुठल्या तरी खोलीला आजूबाजूचं पाणी त्याच्याइतकंच जड लागलं की तळ सोडून तिथंच आडवं पसरतं. बाईंच्या बरणीत ते दिसणार नाही, धरणात दिसतं. पाच मीटरला गढूळ, दहा मीटरला स्वच्छ असं सॅम्पल आलं की लोक म्हणतात बाटली चुकली. बाटली बरोबर असते.

बावड्याचा_वाघ | २६ जुलै, सकाळी ८:१०
हे सगळं ठीक पण खरा विषय अलमट्टी हाय. तिथं पाणी अडवलं की आमच्या पंचगंगेचं पाणी हलत न्हाई. त्यावर बोला की. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, दरवर्षी तोच खेळ.

मिसळ_ब्रेड | २६ जुलै, सकाळी ८:१५
आला आला आला.

व्यवस्थापक | २६ जुलै, सकाळी ९:००
अलमट्टीचा धागा वेगळा चालू आहे, तिथं हजाराच्या वर प्रतिसाद आहेत, तिकडं जा. इथं ओढा आणि धरणाचा फाटा एवढंच.

पाणक्या | २६ जुलै, सकाळी ९:४०
व्यवस्थापकसाहेब, एकच वाक्य, मग गप्प बसतो. पुराचा फुगवटा म्हणजे मोठ्या नदीची पातळी उंच झाली म्हणून उपनदीचं पाणी तुंबणं, जसं नरसोबाच्या वाडीला कृष्णा चढली की पंचगंगा शिरोळकडं फुगते. तिथं प्रश्न पातळीचा. इथं पातळी सपाटच आहे आणि तरी पाणी दोन दिशांना चाललंय, प्रश्न जडपणाचा. दोन्हीची गल्लत केली की भांडण वाढतं, उत्तर मिळत नाही.

दूधगंगाकाठ | २९ जुलै, रात्री ८:५०
पाणक्या दादा, तुमचं रेघेचं खरं निघालं. परवा रात्री मुसळधार झाला, सकाळी रेघ पार खाली, मोटरीच्या पण पुढं धरणाकडं गेलती. आज उघडीप हाय तर परत वर सरकल्या. चप्पल मात्र गायब. कुणीतरी नेली असणार, जोडी असंल घरात.

दूधगंगाकाठ | १६ नोव्हेंबर, दुपारी १:२०
धागा वर काढतोय. ओढा आता बारीक झालाय, पाणी एकदम नितळ, गाळ न्हाई. रेघ दिसत न्हाई. म्हटलं आता हे प्रकरण संपलं का बघावं.

पोराला घेऊन असं केलं. दोन पाण्याच्या बाटल्या घेतल्या, अर्ध्या भरलेल्या, वाऱ्याला कमी सापडाव्यात म्हणून. एक तशीच सोडली. दुसऱ्या बाटलीला चार मीटर सुतळी बांधली आणि खाली खताच्या पोत्याचा तुकडा, दोन कामट्या आडव्या-उभ्या घालून पतंगासारखा ताणून, त्याला खाली एक दगड. म्हंजे ही बाटली वर तरंगत्या पण तिला ओढतंय ते चार मीटर खालचं पाणी. दोन्ही एका जागी, तराफ्यावरनं, एकाच वेळी सोडल्या. सकाळची वेळ, वारं शून्य.

पंधरा-वीस मिनिटं काहीच न्हाई. पोरगं कंटाळून दगड मारायला लागलं. मग बघतोय तर मोकळी बाटली ओढ्याकडं आणि पोत्याची बाटली धरणाकडं. तासाभरात दोघींच्या मधी आमच्या घरापासनं देवळापर्यंतचं अंतर पडलं. मी स्वतः बघितलं नसतं तर विश्वास बसला नसता.

थर्मामीटर पण नेला होता, दुधाच्या डेअरीत मिळतोय तसला. बाटलीला दगड बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून खाली सोडायची आणि मग बूच ओढायचं, तिथलं पाणी भरतंय. वर २६, खाली चार मीटरला २३ च्या जवळ. ओढ्यात वर सावलीत २१.

कोण_म्हणतंय | १६ नोव्हेंबर, दुपारी २:००
पोत्याची बाटली हे आवडलं. मी पण माझ्याकडं तुळशी धरणाला करून बघणार.

पाणक्या | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५
नाद खुळा. आमच्याकडं ह्याच कामाला लाखाच्या मशीन लावतात आणि त्यातली एक नेहमी बंद असते.

तुम्ही गाळ नसताना बघितलंत हे महत्त्वाचं. म्हणजे नुसत्या गारव्यावर चाललंय. दिवाळीनंतर रात्री थंड पडतात, ओढा उथळ म्हणून पटकन गार होतो, धरणाचा साठा मोठा म्हणून सावकाश. त्यामुळं ओढा बारीक झाला तरी बुडतोच. आणि बुडताना तो वरचा प्राणवायू खाली घेऊन जातो, ही त्याची मोठी सेवा आहे, खालचे थर त्यावर जगतात.

डिसेंबर-जानेवारीत आणखी एक होईल. धरणाचं वरचं पाणी पण गार होत जाईल, जड होऊन खाली बसेल, खालचं वर येईल, आणि काही आठवडे वर-खाली सगळं जवळपास एकाच तापमानाचं होईल. त्या वेळी धरण सगळ्यात जास्त ढवळलेलं असतं. पुन्हा फेब्रुवारीच्या शेवटी उन्हं तापली की थर पडायला सुरुवात.

शाहूपुरी_मेल | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:३०
आम्हा कोल्हापूर शहरवाल्यांना ह्याचा काय उपयोग? २०२३ पासून काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं येतंय म्हणून विचारतो.

पाणक्या | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:००
उपयोग असा की धरणातून पाणी घेताना ते कुठल्या खोलीवरून घेतलं यावर ते कसं आहे हे ठरतं. उन्हाळ्यात वरच्या थरात शेवाळ, तळाच्या थरात प्राणवायू संपलेला, आणि प्राणवायू संपला की गाळातलं लोखंड आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतं, कुजक्या अंड्याचा वास पण. जगभर मोठ्या जॅकवेलना (धरणातून पाणी उचलायच्या विहिरींना) म्हणूनच वेगवेगळ्या उंचीवर दारं ठेवतात, ऋतू बघून कुठलं उघडायचं ते ठरवतात. शेतकऱ्याच्या मोटरीला पण हाच नियम.

दूधगंगाकाठ | २१ मार्च, रात्री ८:०५
आलो परत. ओढा आटला, नुसती डबकी हायत. आणि फाटा हिरवागार. सकाळी एवढा न्हाई, दुपारी अकरा-बारानंतर वर साय धरल्यागत येतंय. मुख्य धरणाकडं होडीनं गेलं की पाणी स्वच्छ. धरण तेच, ऊन तेच, मग हिरवं इथंच का? आता तर ओढ्याचं पाणी येतच न्हाई, मग आतलं पाणी हलतंय तरी का, का डबकं झालंय?

बावड्याचा_वाघ | २१ मार्च, रात्री ८:३०
रंकाळ्याला येऊन बघा, हिरवं म्हंजे काय कळंल.

रसायनवाल्या_बाई | २१ मार्च, रात्री ९:१०
आधी एक सूचना, मग पाणक्या बोलतील. ती हिरवी साय निळ्या-हिरव्या शेवाळाची असेल तर त्यातल्या काही जाती विष तयार करतात, आणि ते विष पाणी उकळून जात नाही. जनावरं त्या काठाला पाण्यावर सोडू नका, साय नसलेल्या बाजूला न्या. पोरांना पोहायला पण नको.

पाणक्या | २२ मार्च, सकाळी ८:२०
लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

शेवाळाला तीन गोष्टी लागतात: ऊन, खाद्य, आणि उन्हात टिकून राहायची सोय. तिसरी लोक विसरतात. पाणी खोलवर ढवळत असेल तर शेवाळाचा कण अर्धा दिवस अंधारात जातो, वाढ होते त्यापेक्षा झीज जास्त. १९५३ मध्ये स्वेरड्रुप नावाच्या समुद्रशास्त्रज्ञानं हाच हिशोब मांडला. ढवळणारा थर किती खोल आणि उजेड किती खोल, ह्या दोन्हींच्या प्रमाणावर बहर ठरतो. ढवळण्याचा थर पातळ झाला की कण सतत उजेडात, आणि मग खाद्य असेल तेवढं शेवाळ.

आता मुख्य धरण आणि तुमचा फाटा. मुख्य पाण्यावर वारं लांबवर मोकळं वाहतं, वरचे काही मीटर ढवळून काढतं. तुमच्या फाट्याला दोन्हीकडं डोंगर, वारं पोचत नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीला जाळ खालून असतो म्हणून रस आपोआप ढवळतो. धरणाला जाळ वरून आहे, वर तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, कितीही तापवा, खालचं गारच. वारं नाही तर ढवळणारं कोणी नाही. तुमचा वरचा कोमट थर मीटर-दोन मीटरचा राहिला असणार.

डबकं झालंय का? नाही. ओढा आटला तरी फाटा धरणाशी देवाणघेवाण करतो, आणि ते रात्री चालतं. फाट्याचा शेंड्याकडचा भाग उथळ. तेवढ्याच थंडीत उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा लवकर गार होतं. गार झालेलं ते पाणी तळाच्या उतारानं धरणाकडं घसरतं आणि त्याच्या जागी वरून धरणाचं पाणी आत येतं. दिवसा उलटं, उथळ भाग जास्त तापतो, कोमट पाणी वरून बाहेर सरकतं. म्हणजे पोत्याची बाटली आता पहाटे सोडा, नोव्हेंबरसारखीच चालेल, फक्त सावकाश.

आणि इथंच खाद्याचा प्रश्न येतो, त्यासाठी चीनचं उदाहरण देतो, कारण ह्या विषयावर तिथल्याइतकं काम फार कमी ठिकाणी झालंय. यांगत्से नदीवर थ्री गॉर्जेस धरण, २००३ मध्ये पाणी अडवायला सुरुवात, २०१० मध्ये पहिल्यांदा १७५ मीटरची पूर्ण पातळी. धरण भरल्याबरोबर मुख्य नदीत नाही, तर उपनद्यांच्या फाट्यांत हिरवं पाणी दिसायला लागलं. भिंतीपासून तीसेक किलोमीटर वर श्यांगशी नावाची उपनदी मिळते, तिचा फाटा ह्यात बदनाम. आधी सगळे म्हणाले उपनदीच्या खोऱ्यातलं खत आणि फॉस्फेटच्या खाणी, आणि फॉस्फरसच्या बाबतीत त्यात तथ्य होतंच. पण फाट्यात खोलीनुसार वेग आणि तापमान मोजल्यावर चित्र बदललं. उपनदीचं गार पाणी तुमच्या ओढ्यासारखं तळातनं बाहेर जातंय आणि त्याच्या वरून मुख्य यांगत्सेचं पाणी फाट्यात उलटं आत शिरतंय, ऋतूप्रमाणं कधी पृष्ठभागावरून, कधी मधल्या थरातून. यांगत्सेत नायट्रोजन भरपूर. म्हणजे फाट्यात खाद्य येण्याचा मोठा रस्ता मागच्या दारानं, मुख्य नदीकडून होता. नुसतं उपनदीचं खोरं स्वच्छ करून भागणार नव्हतं.

त्यावर त्यांनी एक उपाय सुचवला, धरणाची पातळी मुद्दाम काही दिवस वर, काही दिवस खाली करायची, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी, म्हणजे फाट्यात मुख्य पाणी जोरात ये-जा करतं, थर मोडतात, शेवाळाला उजेडात टिकता येत नाही.

कोण_म्हणतंय | २२ मार्च, सकाळी ९:४५
मग आपल्या धरणात पण मुख्य पाण्याचंच खत फाट्यात येतंय म्हणा की.

पाणक्या | २२ मार्च, सकाळी १०:३०
सरसकट म्हणणार नाही. फरक मोठा आहे. थ्री गॉर्जेसची पातळी पुरासाठी उन्हाळ्यात १४५ मीटरला ठेवतात आणि पूर ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरला १७५ कडं नेतात. तेव्हा पाणी येतं मुख्यतः यांगत्सेच्या वरच्या अंगानं, उपनद्या बारीक असतात, त्यामुळं मुख्य पाणी फाट्यांत घुसतं. आपल्याकडं सह्याद्रीत पाऊस एकाच वेळी सगळीकडं कोसळतो, फाटा आणि धरण बरोबर भरतात. शिवाय राधानगरीसारखं ८.३६ टीएमसीचं धरण पावसाळ्यात भरून स्वयंचलित दारं उघडतात म्हणजे जुनं पाणी बऱ्यापैकी धुऊन जातं. काळम्मावाडी २५.३९ टीएमसी, तिथं धुणं सावकाश. आणि आपली वरची खोरी दाजीपूरच्या जंगलातली, वरून नायट्रोजन ओतणारी शहरं नाहीत. त्यामुळं तुमच्या फाट्यात खाद्य काठावरून यायची शक्यता जास्त, उसाचं खत, शेण, आणि तळाचा गाळ. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेरात खत टाकलं आणि जूनमध्ये ती जमीन पुन्हा बुडाली की ते सगळं फाट्यातच.

दूधगंगाकाठ | २२ मार्च, दुपारी १२:५०
गाळपेर आम्हीच करतोय. आता काय बोलणार. बरं ते राहू दे, मोटरीचं सांगा. फूटव्हॉल्व्ह, म्हंजे पाणी ओढायच्या पाइपचं तोंड, सध्या वरनं हातभर खाली तरंगता हाय. काहीजण म्हणतायत तळाला टाक, तिथं शेवाळ नसतंय.

पाणक्या | २२ मार्च, दुपारी १:३०
तळाला अजिबात नको. लोखंड-मँगनीजवालं पाणी ड्रिपमध्ये आलं की हवा लागून तांबडी-काळी खरड धरते, ती लॅटरल (ड्रिपच्या बारीक नळ्या) आणि ड्रिपरच्या आत बसते, शेवाळ परवडलं. शेवाळ निदान सँड फिल्टरमध्ये अडकतं.

तुमच्याकडं दुधाचा थर्मामीटर आणि बुचाची बाटली आहेच. दुपारी तीनच्या सुमाराला दर अर्ध्या मीटरला तापमान घ्या. जिथं एकदम उतरतं तो थराचा जोड. फूटव्हॉल्व्ह त्या जोडाच्या जरा खाली ठेवा, तळापासून निदान दोन मीटर वर. काढलेल्या पाण्याला अंड्यासारखा वास आला तर फार खाली गेलात, तेवढं वर घ्या. आणि हे एकदा ठरवून चालत नाही, पातळी उतरते तसं महिन्यातून दोनदा बघायला लागतं. जमलं तर मोटर फाट्याच्या तोंडाकडं न्या, तिथं वारं लागतं.

दूधगंगाकाठ | २२ मार्च, दुपारी २:१०
तोंडाकडं न्यायची म्हंजे केबल आणि पाइप वाढली, चौघं तयार व्हायला पायजेत. सध्या बॅरेलचा तराफा करून फूटव्हॉल्व्ह साखळीला टांगतो, साखळीला अर्ध्या अर्ध्या मीटरला खूण, म्हंजे वर-खाली करता येईल.

गळवाला | २२ मार्च, दुपारी ३:००
माझ्याकडं निळे दोनशे लिटरचे बॅरेल आहेत, चार. होडीला लावायला घेतले होते, राहिलंच. कागलला हायवेला लागून घर आहे, येऊन घेऊन जा. बदल्यात रेघ कुठं पडते ते जूनमध्ये कळव.

दूधगंगाकाठ | २२ मार्च, दुपारी ३:२०
रविवारी येतो ट्रॅक्टर घेऊन. नंबर खाजगीत टाका.

मिसळ_ब्रेड | २२ मार्च, दुपारी ३:२५
आणि वारं? माझ्या वाऱ्याचं काय झालं?

पाणक्या | २२ मार्च, दुपारी ३:४०
तुझं वारं नाही म्हणूनच तिथं हिरवं आहे भावा.